कापसाच्या खोलीतला ठेका

आमच्या घरच्या कोणत्याही लग्नात जेवणं आटोपली आणि मांडवात सतरंज्या रिकाम्या झाल्या की कोणीतरी म्हणतंच, "बेबी, ते कापसाचं सांग." मी आढेवेढे घेते, पाणी मागवते आणि सांगते. दर लग्नात कापसाचा ढीग थोडा उंच होतो, हे मलाही कळतं. मागच्या खेपेला तो पार आढ्याला टेकला, तेव्हा माझ्याच मुलीनं सगळ्यांदेखत विचारलं, "मग तुम्ही आत शिरत कुठून होता?" म्हणून इथे कागदावर ढीग होता तेवढाच ठेवायचं ठरवलं आहे. तो खिडकीच्या वरच्या गजापर्यंत होता. आढं त्याच्या बरंच वर होतं, आणि मधल्या जागेत काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे सगळ्यांनी बीटी कपाशी लावली होती. पहिल्यांदा बोंडं अशी लागली की झाडं ओणवी झाली. अळी आली नाही, म्हणून लोक शेतात जाऊन नुसते उभे राहायचे, एखादं कौतुकाचं पोर बघावं तसे. मग कापूस घरात आला आणि भाव पडला. बाबा म्हणाले, थांबू, वाढेल. गावातल्या सगळ्या घरांतले बाबा हेच म्हणाले, त्यामुळे प्रत्येक घराची पुढची खोली कापसानं भरली आणि माणसं मागे स्वयंपाकघरात दाटीवाटीनं राहायला लागली. व्यापारी गाडी घेऊन गल्लीतून जायचा, तेव्हा आमचे बाबा ओसरीवर त्याच्याकडे पाठ करून दाढी करत बसायचे. तो दिवसातून दोनदा आला तर दोनदा दाढी व्हायची. सगळ्या घराला खाज सुटली होती. भाकरीत तंतू, वरणात तंतू, वेणीत तंतू. आईनं पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर, भाजलेल्या वांग्याचं भरीत करावं, तर वरून कापसाचं एक पांढरं मिशीएवढं काहीतरी तरंगत असायचंच. आत्या म्हणायची, "खा, आपलाच माल हाय."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. मामाजी, म्हणजे तिचे यजमान, आमच्याच गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होते, म्हणून दोघं आमच्याकडेच राहायची. त्यांना मूल नव्हतं. कधीकाळी मामाजींच्या पायावरून कापसाची भरलेली गाडी गेली होती, तेव्हापासून ते काठी घेऊन चालत. पुढे जिनिंगच्या धुळीनं दमा झाला आणि त्यातच ते गेले. तेव्हा माझी धाकटी बहीण पुनी जन्मायची होती. त्या काळात शहरातून लोक कॅमेरे घेऊन गावोगाव फिरायचे आणि विधवा दिसली की थांबायचे. एकदा एक ताई आत्यासमोर बसल्या आणि हळू आवाजात विचारायला लागल्या, कोणतं औषध घेतलं होतं त्यांनी. आत्या म्हणाली, "सगळेच घेतले, बाई. खोकल्याचं लाल, दम्याचं पांढरं. कायनंच फरक नाही पडला." त्या ताईंनी कॅमेरा बंद केला. आत्यानं त्यांना चहा पाजला आणि त्या गेल्यावर बराच वेळ उंबऱ्यापाशी बसून राहिली. मामाजींचं कोणी विचारलंय, असं बऱ्याच वर्षांत पहिल्यांदा झालं होतं.

कापसाच्या खोलीचं सांगते. ज्यांनी भरलेली खोली पाहिली नाही त्यांना हे पटत नाही. तिथे आवाज मरायचा. आत गेलं आणि "आई" अशी हाक मारली की हाक तोंडापुढे पडायची, जणू कोणीतरी हात पुढे करून ती झेलून खिशात टाकली. शेजारच्या खोलीतला बाबांचा खोकला दुसऱ्या गावचा वाटायचा. स्वतःचा श्वास मात्र कानाला लागून ऐकू यायचा, इतका जवळ की तो आपलाच आहे ना, अशी शंका यायची. ढीग आपोआप खचायचा. सकाळी दार उघडलं की वरच्या बाजूला एक खळगा दिसायचा, कोणी बसून उठून गेल्यासारखा. मांजर असणार, असं आम्ही म्हणायचो. आमच्याकडे मांजर नव्हतं, पण शेजाऱ्यांकडे होतं.

या खोलीत जायला मला भीती वाटायची, आईलाही आवडायचं नाही. राजीखुशीनं जायची ती एकटी पुनी. ती तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिला ऐकू येत नव्हतं.

हे आम्हाला फार उशिरा कळलं. दार आपटलं की ती वळायची, म्हणून सगळे म्हणत, ऐकते, फक्त हट्टी आहे. ती दार ऐकत नव्हती, तिला ते तळपायाला कळायचं. शेवटी शेगावच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि तिच्या छातीवर पट्ट्यानं बांधलेली एक डबी आली, तिच्यापासून दोन्ही कानांत वायरी. डबी कधीकधी शिट्टी वाजवायची. आत्या तिला ट्रांझिस्टर म्हणायची आणि "आज बाजारभाव काय सांगून राह्यले?" असं विचारायची. डबीसोबत एक चिठ्ठी आली. संग्रामपूरला शमीमबाई नावाच्या एक शिक्षिका अशा लहान मुलांचा वर्ग घेतात, तिकडे न्या. बाबांनी नेमणूक माझी केली, कारण दहावीच्या गणितानं मला नुकतंच मोकळं केलं होतं.

काळ्यापिवळ्या जीपमध्ये पुनीला मांडीवर घेऊन मी जायची. उतरल्यावर एक कचोरी ठरलेली. माझ्या त्यागाची जी वर्णनं नातेवाइकांत होतात त्यांत ही कचोरी कोणी घेत नाही, म्हणून नोंदवून ठेवते. शमीमबाईंची खोली पिठाच्या चक्कीला लागून होती. मला वाटलं, गोंगाटामुळे स्वस्तात मिळाली असेल आणि या मुलांना काय फरक पडतो. बाई मला म्हणाल्या, "चक्कीसाठीच घेतली, बेटा." मुलं भिंतीला दोन्ही तळवे लावून बसायची. पलीकडे चक्की सुरू झाली की सगळी एकदम उभी राहायची, बंद झाली की खाली बसायची. हा त्यांचा पहिला धडा. मग फुगवलेला फुगा छातीशी धरायचा आणि बाई त्याला ओठ लावून सूर लावायच्या, तो सूर पोरांच्या बरगड्यांत उतरायचा. एका लाकडी दिवाणावर पोरं पालथी झोपायची आणि बाई कडेला ढोलक टेकवून वाजवायच्या, धीमं, जलद, धीमं. मध्येच मूठ बंद करून वर धरायच्या. मूठ म्हणजे थांबा. मी एकदा विचारलं की ज्यांना ऐकू येत नाही त्यांना गाणं कशाला. मी विचारणं म्हणजे गंमतच होती, कारण मला ऐकू यायचं आणि शाळेच्या प्रार्थनेतून मला दोनदा काढलं होतं. बाई म्हणाल्या, "गाण्यात थांबणं असतं ना, ते यांना येतं. वाजणं शिकवायचं. वाजणं कळलं की आवाज कुठे लांब, कुठे तोकडा ते कळतं, मग बोल येतात."

आणि खरंच, दिवाळीनंतर कधीतरी पुनीनं फुग्याला ओठ लावून एक लांब आणि एक तोकडा 'आ' काढला. तोपर्यंत तिच्या तोंडून नुसतं रडणं आणि किंचाळणं ऐकलेलं. हा आवाज तिनं हवा तिथे थांबवला होता. बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हिला खालचे आवाज थोडे पोचतात, जीभ अजून कोवळी आहे, हे वर्ष एकही नागा होऊ देऊ नका. मी मान डोलावली. कचोरीसाठी तरी मला नागा नकोच होता.

ते सुरू झालं एका संध्याकाळी, दिवेलागणीला, भारनियमनात. त्या वेळचं भारनियमन म्हणजे गावाचा गळा दाबल्यासारखं असायचं. मोटारी बंद, पंखे बंद, टीव्ही बंद, आणि एकदम जे काही उरायचं ते ऐकू यायला लागायचं. आई गोठ्यात होती. मी कंदिलाची काच पुसत होते. आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती, थप थप थप. कापसाच्या खोलीत पत्र्याची जुनी धान्याची कोठी होती, अर्धी ढिगात बुडालेली. तिच्यावर पुनी वाजवायला लागली. धप्. मग पत्र्यावरून नखं ओढल्यासारखं सर्र. मग ठक्. थोडं थांबून पुन्हा. धप्, सर्र, ठक्. आवाज कापसातून गाळून येत होता, त्यामुळे पुनी वाजवते आहे असं वाटत नव्हतं, कोणीतरी फार लांबून येत आहे असं वाटत होतं. मी म्हणणार होते की बाईंनी नवीन ठेका दिलेला दिसतो. पण तो बाईंचा नव्हता. मी वर्गात कोपऱ्यात बसून सगळे ठेके पाठ केले होते, तेवढं माझं संगीत शिक्षण झालं होतं. मग माझ्या लक्षात आलं की थापणं थांबलंय. आत्या हातात भाकरी तशीच धरून बसली होती आणि तव्यावरची जळत होती.

पाच-सहा वेळा ते पुन्हापुन्हा वाजलं. मग कोठीवर अगदी बारीक, बोटाच्या पेराचा एकच ठोका आला, टिक्, आणि सगळं थांबलं. आत्याच्या हातातली भाकरी राखेत पडली.

त्यानंतर ते रोज झालं. पुनी दिवेलागणीला आत जायची, एक तळवा कोठीला लावून बसायची, वाट पाहायची आणि मग दुसऱ्या हातानं वाजवायची. पाहणाऱ्याला स्पष्ट दिसायचं की ती मनानं काही रचत नाही. बाई वर्गात जसं वाजवायच्या आणि पोरं जशी मागून वाजवायची, तशी ती कोणाच्या तरी मागून वाजवत होती. आम्ही कोठीला कान लावले. काही नाही. कापसात उभं राहून कान लावला की आपलंच रक्त ऐकू येतं, तेवढंच.

नाव घेतलं ते आत्यानं. आईला म्हणाली, "चाल वळखली नाही का तू? चांगला पाय, दुखरा पाय, काठी." आईनं तोंडावर पदर धरला. मलाही तेव्हाच ओळखू आली आणि ओळखल्यावर अंगावर काटा आला, कारण माझ्या लहानपणी जिनिंगची पाळी सुटल्यावर गल्लीतून येणारी हीच चाल ऐकून मी खाऊसाठी पळत सुटायची. पुनीनं त्यांना पाहिलं नव्हतं. त्यांचा फोटोसुद्धा बसलेला होता.

बाबा हसले. ते म्हणाले, नाल्यापलीकडे जिनिंग स्वतःच्या इंजिनावर चालू आहे, यंत्राचं एखादं चाक लंगडत असेल, जमिनीतून इथवर येत असेल, पोरीचा हात आपल्यापेक्षा तिखट आहे. मला हे इतकं पटलं की मी त्या संध्याकाळी पोटभर जेवले. शमीमबाईंनाही बोलावलं. त्या आल्या, चप्पल काढून कापसातून चालत गेल्या आणि पुनीशेजारी कोठीला तळवा लावून बसल्या. मग आम्ही सगळेच लावून बसलो, बाबा, आई, मी, ओळीनं, झडतीला उभे केल्यासारखे. आम्हाला काही लागलं नाही. बाईंनी डोळे मिटले होते. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "आहे काहीतरी. लय बारीक आहे, पण आहे. पोरगी खोटं नाही वाजवत." बाबा विजयानं आत्याकडे पाहायला लागले.

आता यातली गंमत अशी की गावातल्या सगळ्यांनी भावासाठी कापूस अडवून धरला होता. जिनिंगला माल मिळेना. मालकानं यंत्रं बंद करून कामगारांना घरी पाठवलं. चिमणीचा धूर थांबला, रात्रंदिवसाची घरघर थांबली. त्या संध्याकाळी बाबा स्वतः कापसाच्या खोलीच्या दारात जाऊन बसले. वीज नव्हती. कुठे काही चालू नव्हतं. पुनीनं कोठीला हात लावला, नेहमीपेक्षा कमी वाट पाहिली आणि वाजवायला लागली. धप्, सर्र, ठक्. मधलं अंतर मोठं होतं, दमलेला माणूस चालतो तसं. बाबांनी पहिल्यांदा मागे वळून अंगणाच्या दाराकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. व्यापाऱ्याला पाठ दाखवणारा माणूस त्या दाराला पाठ दाखवू शकला नाही, तो भिंतीला टेकून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगराच्या बाजूच्या एका भगताकडे गेलो. मनात होतं की डोळे लाल असतील, घुमेल, ओरडेल. तो शांत म्हातारा होता, त्यानं एका नारळाशिवाय काही घेतलं नाही आणि पुनीला गूळ दिला. सगळं ऐकून म्हणाला की गेलेला माणूस हाक मारतो आणि ही ओ देते, ओ दिली की तो आणखी जवळ येतो. हिला तर कानच नाहीत, मग ओ कशानं देते? हातानं. तर अमावास्येपर्यंत हात बंद करा, भिंतीला, भांड्याला, भुईला लागू देऊ नका. त्याचं बोलणं इतकं सरळ होतं की कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला तर नाहीच.

आईनं नव्या मांजरपाटाच्या दोन पिशव्या शिवल्या, आत आमच्याच ढिगातला कापूस भरला आणि पुनीचे हात त्यांत घालून मनगटाशी काळ्या दोऱ्यानं बांधले. पुनी हसत होती. तिला वाटलं हा वर्गातला नवा खेळ आहे. तिनं दोन्ही पिशव्या एकमेकींवर आपटून पाहिल्या, काहीच लागलं नाही, पुन्हा आपटल्या, मग माझ्याकडे पाहिलं. वर्ग अर्थातच बंद झाला, तिथे तर सगळं हातानंच होतं. आई तिला भरवायची. पहिले दिवस ती भिंतीला गाल लावायची, भुईवर कपाळ टेकवायची, आम्ही उचलून बाजेवर ठेवायचो. मग तिनं सोडून दिलं. छातीवरची डबी शिट्टी वाजवायची आणि तिला कळायचं नाही. तो लांब आणि तोकडा 'आ' सुद्धा गेला. मी फुगा फुगवून तिच्यापुढे धरला तर तिनं पिशवीनं तो हळूच बाजूला सारला.

ते घर आठवलं की आजही मी रेडिओ लावते. अशी शांतता मी पुन्हा अनुभवली नाही. कोठी वाजत नव्हती, पुनी वाजत नव्हती, आणि दिवेलागणीला आम्ही सगळे काही न बोलता त्या वेळेची वाट पाहत बसायचो. बाजेवर बसलेली पुनी त्या वेळेला बरोब्बर अंगणाच्या दाराकडे मान वळवायची. काही क्षण तिकडे पाहायची. मग मान खाली. भगताच्या उपायानं बाहेरचं येणं थांबलं नव्हतं, फक्त आमच्याकडचं उत्तर थांबलं होतं.

नागे पडले म्हणून शमीमबाई जीपनं आल्या. त्यांनी पिशव्या पाहिल्या. आम्हाला वाटलं चिडतील. त्या बाजेवर पुनीशेजारी बसल्या आणि बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हिचे कान बांधले. बिनकानाची होतीच, तिला दोन कान फुटले होते, ते बांधले."

बाबा म्हणाले, "अमावास्येलोक, बाई. मंग धाडतो."

"मग काय येईल? आवाज आत्ता उमलला होता. मुलं असं विसरतात की पुन्हा आठवत नाही. मी पाहिलंय. आत्ता थांबली तर थांबलीच, भाऊ."

आईनं चहा आणला, तो बाईंनी घेतला, कारण न घेणं बरं दिसलं नसतं. जाताना त्यांनी पुनीपुढे बंद मूठ धरली आणि मग ती उघडली. पुनीनं पिशवी वर केली, पण मूठ कशाची करणार.

आत्या हे सगळं चुलीपाशी बसून ऐकत होती. त्या दिवसांत तिचं जेवण कमी झालं होतं. आम्हाला वाटायचं, भीती. त्याच संध्याकाळी आई-बाबा बाजारात गेले होते, आणि मी शेंगा फोडत होते. आत्या उठली. तिनं विळीच्या पात्यावर एका पिशवीचा दोरा धरला आणि कापला, मग दुसरीचा. आतून पुनीचे हात निघाले, पांढरेफटक, सुरकुतलेले, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखे, बोटांत तंतू अडकलेले. ते एखाद्या म्हातारीचे हात वाटत होते. आत्यानं ते आपल्या हातांत घेऊन चोळले, तिला कडेवर उचललं आणि कापसाच्या खोलीत नेलं. मी दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले.

आत्यानं पुनीला कोठीपाशी बसवलं आणि स्वतः समोर भुईवर बसली. पुनी कोठीला हात लावेना. ती आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं पाहत होती, आता कोण उचलून बाजेवर ठेवतं म्हणून. आत्यानं तिचा तळवा स्वतः पत्र्यावर टेकवला आणि म्हणाली, "वाजव वं माय." पुनीला ते ऐकू येणार नव्हतं. तिनं मान खाली घातली. खिडकीत थोडा उजेड होता, ढिगावर तो खळगा होता, आणि इतकं शांत होतं की मला माझ्या हातातली शेंग मोडल्याचंही कळलं नाही. खूप वेळ गेला. मला वाटलं गेलं, बाई म्हणाल्या तसं गेलं, विसरली. मग पुनीचे खांदे जरा ताठ झाले.

धप्. सर्र. ठक्.

एकदा, मग पुन्हा, मग पुन्हा. सुरुवातीला बोटं चुकत होती, मग चुकेनात. आणि माझ्या लक्षात आलं की ठोका दर वेळी थोडा मोठा होतोय, गल्लीच्या टोकाकडून घराकडे यावा तसा. मी दाराच्या चौकटीला घट्ट धरलं होतं. मग तो थांबला. आणि थोड्या वेळानं, बोटाच्या पेरानं, टिक्.

आत्यानं डोक्यावरून पदर घेतला आणि उभी राहिली.

ती अशी उभी राहिली, जशी बाई आपला माणूस उंबऱ्यात आला की उभी राहते. खाली पाहत, एक हात पदरावर. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. किंचित राग होता, इतका उशीर काऊन केला असं विचारायच्या आधीचा. तेवढ्यात पुनीच्या तोंडून आवाज आला. लांब 'आ', मग तोकडा 'आ'. तिनं तो थांबवला, आणि मूठ बंद केली.

बाबा आल्यावर आत्यानं कापलेले दोरे त्यांच्यापुढे ठेवले. म्हणाली, "बापू, उद्या पोरीले संग्रामपूरले धाडजो."

बाबा म्हणाले, "अक्का, तूच तं म्हणे का भाऊजी येऊन राह्यले."

"हाव, म्हणे. मंग? माहा माणूस हाय थो. मले भेव नाही, तं तुले कायचं?"

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपमध्ये बसलो. वर्गात पुनीनं चक्कीच्या भिंतीला तळवे लावले आणि इतर पोरांच्या आधी उभी राहिली. शमीमबाईंनी फुगा फुगवायला घेतला. मी कचोरी खाल्ली.

संक्रांतीनंतर बाबांनी कापूस विकला. ज्या भावाला त्यांनी पाठ दाखवली होती त्याहून कमी भावानं विकला, आणि त्या दिवशी त्यांनी दाढी केली नाही. माणसं पोती भरत होती, ढीग उतरत होता, आणि खोलीत आवाज एकेक करून परत येत होते, खोकला, फावडं, कोणाचं तरी हसणं. शेवटी खोली रिकामी झाली तेव्हा आई सहज "चला" म्हणाली आणि खोलीनं ते तिला परत ऐकवलं. आम्ही सगळे दचकलो. त्या दिवेलागणीला पुनी मोकळ्या भुईवरून कोठीपाशी गेली. तळवा लावला. आत्या दारात होती. पुनीनं खूप वाट पाहिली, मग हात काढला, आत्याकडे वळली आणि बंद मूठ वर धरली. थांबलं. आत्यानं मान हलवली. आत्याला ती खूण कोणी शिकवली नव्हती.

त्या शेवटच्या बारीक ठोक्याचं तिनं मला फार वर्षांनी सांगितलं, माझं लग्न ठरल्यावर, साड्यांच्या घड्या घालताना. मी विचारलंही नव्हतं. लग्न नवं होतं तेव्हा सासरी सासू-सासरे, दीर-नणंदांचा राबता, आणि तिच्या डोक्यावर पदर राहायचा नाही. सगळ्यांदेखत बोलणी बसू नयेत म्हणून मामाजी उंबऱ्याबाहेर थांबून चौकटीवर बोटाच्या पेरानं एकदा वाजवायचे. हिनं पदर घ्यायचा, मगच ते आत यायचे. "हे त्यायले माईत अन् मले," आत्या म्हणाली. "तुह्या बाबाले नाही माईत, कोणालेच नाही. जिनिंगचं चाक कायले वाजवन थे?" आणि साडी माझ्या हातात देऊन ती पुढची घडी घालायला लागली.

आत्या आता नाही. पुनी अकोल्याला असते, बोलते, भांडते, तिचे शब्द थोडे आखूडलांब पडतात, पण तिच्या मुलाला त्यातच अंगाई कळली. तिला यातलं काहीही आठवत नाही. कापूस नाही, पिशव्या नाहीत, कोठी नाही. मी लग्नात गोष्ट सांगते तेव्हा ती माझ्या ओठांकडे पाहत पहिल्या रांगेत बसते आणि सगळ्यांत जास्त हसते, ताई फार फुगवते असं खुणेनं शेजारणीला सांगते. मी वाद घालत नाही. फक्त ती माझ्याकडे येते तेव्हा घंटी असूनही वाजवत नाही. दार उघडंच असतं, ती उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबते आणि चौकटीवर बोटाच्या पेरानं एकदा वाजवते. कशाला, असं मी तिला आजवर विचारलेलं नाही. मी पोळपाट बाजूला करते, ओढणी डोक्यावर घेते आणि म्हणते, ये.